आधी पत्रा, मग वारा

"पत्रा आधी! आधी पत्रा वाजतोय, मग वारा सुटतोय! कुणी शिकवलं रं तुला?"

केरबामामा हे आभाळाला विचारत होता. परड्याच्या मधोमध उभा, डोक्यावर पालथं घमेलं, धोतराचा काचा मारलेला आणि एक बोट वर ढगांवर रोखलेलं. वाऱ्यानं शेजारचं नारळाचं झाड इतकं वाकवलं होतं की आमच्या ओसरीवरचा पेपर त्यानं सहज वाचून काढला असता. तीन घरं पलीकडचा एक पत्रा छपरावरून सुटला आणि रिक्षासारखी वळणं घेत गल्लीतनं निघून गेला. आणि मामासमोर कोंबड्या उभ्या होत्या. बाराच्या बारा. एकही पळत नव्हती, ओरडत नव्हती. उघड्या खुराड्याकडं एकीचंही लक्ष नव्हतं. गुरुजी वर्गात येईपर्यंत शहाणी पोरं जशी ओळीत उभी राहतात, तशा त्या मामाच्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या.

कोंबड्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते वादळ.

हे कसं, ते कळायचं तर आधी केरबामामा कळायला पाहिजे.

नव्वदीच्या सुरुवातीला मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचो आणि गावाच्या कडेला केरबामामाच्या घरातल्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचो. घर कौलारू, तीन खोल्यांचं. मागं मात्र ऐसपैस परडं. त्यात शेवग्याचं एक झाड, धुण्याचा दगड, हौसामामीच्या कोंबड्या आणि बैलगाडीच्या चाकाहून मोठा, लाकडी पात्यांचा एक पंखा. पहिल्या दिवशी मला वाटलं, एखादं विमान पडलं असणार आणि त्याचा पुढचा भाग मामानं ठेवून घेतला असणार. कोल्हापुरात लोक काय ठेवून घेतील सांगता येत नाही.

मामा तीस वर्षं एका स्टुडिओत वादळ करत होता. इतर लोक नोकरी करतात, मामा वादळ करायचा. पडद्यावर कुणाची आई वारली, कुणी घर सोडलं, कुणाची नाव बुडाली की मामाला बोलावणं यायचं. अंगानं तो इतका वाळकुडा होता की स्वतःच्याच पंख्यासमोर एकदा उभा राहिला असता तर थेट पन्हाळ्यावर उतरला असता. पण जीपच्या इंजिनावर चालणाऱ्या त्या पंख्याचा दांडा हातात आला, की तो दुसराच माणूस व्हायचा. छाती फुगायची, मिशी फुगायची, आणि मोठमोठ्या नटांना तो "ए नट, जरा सरक" असं म्हणायचा.

त्याच्या वादळाला क्रम होता. आधी पत्रा. आठ फुटी पत्रा आढ्याला टांगलेला, तो दोन्ही हातांनी हलवला की गडगडाट. मग पंखा, आणि पंख्यासमोर सुका पाला नि भुईमुगाच्या शेंगांची टरफलं उधळायची. शेवटी भोकं पाडलेल्या नळीतनं पाऊस. ह्यात बदल नाही. "माणूस आधी कानानं भितोय, मग अंगानं," असं मामा सांगायचा, आणि समोरचा माणूस मान डोलावेपर्यंत पुढं सरकायचा नाही.

त्यामुळं खऱ्या पावसाबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. वळीव आला की सगळी गल्ली धुणं काढायला धावायची, आणि मामा चहाची बशी घेऊन पायरीवर परीक्षकासारखा बसायचा. वारा बरा हाय, पाऊस उगं वाया घालवतोय. गार लई मोठी, पडद्यावर बटाटा वाटंल. विजेच्या एखाद्या लखलखाटावर तो खूश होऊन मांडीवर थाप मारायचा, आणि लगेच त्याचा चेहरा पडायचा, कारण गडगडाट मागून आलेला असायचा. उजेडाचा वेग जास्त असतो, म्हणून आवाज मागून येतो, हे मी त्याला एकदा शास्त्रोक्त समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला की मास्तर, कारणं सगळेच सांगतात.

त्याच्या कारकिर्दीतला मोठा पराक्रम झुळुकीचा. मुंबईहून एक दिग्दर्शक आला होता. त्याला नायिकेचा पदर हलकेच उडायला हवा होता, म्हणून त्यानं झुळूक मागितली. मामाला हा अपमान वाटला. झुळूक तर तोंडानं फुंकूनसुद्धा मारता येते, तिला केरबा मिस्त्री कशाला? त्यानं इंजिन थेट तिसऱ्या गियरमध्ये टाकलं. पदर उडाला, पण त्याच्यामागं पुठ्ठ्याचं तुळशीवृंदावन, दिग्दर्शकाची टोपी, कॅमेऱ्यावरचं काळं कापड आणि पटकथेची शेवटची चार पानंही उडाली. टोपी सापडलीच नाही. पानं दोन दिवसांनी कळंब्याला एका म्हशीच्या तोंडात सापडली, तेव्हा त्यातला फक्त पानांचा नंबर वाचता येत होता. दिग्दर्शकानं नाइलाजानं नवा शेवट लिहिला. पिक्चर पंचवीस आठवडे चालला. तेव्हापासून त्या पिक्चरचा शेवट आपण लिहिलाय, असं मामा शपथेवर सांगायचा.

हौसामामी ह्याच्या नेमकी उलट. ठेंगणी, गोल, आणि बोलण्यात अशी काटकसरी की तिची दोन वाक्यं आम्हाला आठवडाभर पुरायची. लग्नानंतर एकदाच ती मामाचं काम बघायला स्टुडिओत गेली. दिवसभर तिच्या नवऱ्यानं तिच्यासाठी वादळावर वादळ केलं. नट कोसळले, नाव तीनदा बुडाली. संध्याकाळी घरी येताना मामानं विचारलं, कसं वाटलं? मामी म्हणाली, "धुणं लवकर वाळंल ह्यात."

पुढं स्टुडिओचं सामान मोडीत निघालं. लोकांनी सागवान नेलं, लोखंड नेलं. मामानं इंजिनासकट पंखा आणला, पावसाची नळी आणली, पत्रा आणला आणि शेवग्याच्या फांदीला टांगला. मामीनं पंख्याच्या जाळीवर मिरच्या वाळत घातल्या. संसार सुरळीत होता.

बिघडला तो आदल्या वर्षीच्या वळवानं. भर दुपारी वारा सुटला, खुराड्याचं छप्पर उडालं, आणि त्या वेळी मामा परड्यातच होता. पण तो वारा कुठल्या अंगानं वळतोय हे बघण्यात गुंतला होता. त्याचं निरीक्षण संपलं तेव्हा मामीच्या अकरा कोंबड्यांपैकी चार उरल्या होत्या. मामी ओरडली नाही. तिनं फक्त मामाशी बोलणं बंद केलं. ते नागपंचमीपर्यंत. मधले तीन महिने त्या दोघांचा संसार माझ्यामार्फत चालला. मामा माझ्याशेजारी मांडीला मांडी लावून बसलेला असायचा आणि मामी मला सांगायची, मास्तर, त्यांना म्हणावं चहा झालाय. मग मी मान वळवायचो आणि म्हणायचो, मामा, चहा झालाय. मामा म्हणायचा, तिला सांगा, साखर कमी टाक. माणूस भाड्यानं राहतो म्हणजे त्याला काय काय करावं लागतं.

मामीनं कोंबड्या पुन्हा जमवल्या. अंडी उबवली, पिल्लं वाढवली, बारा झाल्या. आणि पुढल्या उन्हाळ्यात गारगोटीच्या लेकीचं दुसरं बाळंतपण आलं. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं महिनाभर मामीलाच तिकडं जाणं भाग होतं. तोही नेमका वळवाचा महिना. जायच्या दिवशी तिनं पिशवी भरली, पायरीवर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "बारा ठेवून चाललीया. आल्यावर बारा बघीन. एक जरी कमी भरली, तर मी आपली गारगोटीलाच ऱ्हाईन."

मामी बोलायची कमी, पण बोललेलं करायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गाडी गेल्यावर मामा बराच वेळ धुण्याच्या दगडावर बसून होता. त्या माणसाला पहिल्यांदाच मी वारा नसताना हललेला बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यानं मला उठवलं ते डोळे चमकत असताना. रात्रभर विचार करून त्यानं कोंबड्यांच्या मरणाचं मूळ कारण शोधलं होतं. "कोंबडी वादळानं मरत न्हाय, मास्तर. घाबरून मरती. तिची तालीमच न्हाय झालेली."

नट आधी तालीम करतो, मग वादळात उभा राहतो. कोंबडीनंच काय पाप केलंय? दुसऱ्या कुणी खुराड्याचं छप्पर दगड ठेवून पक्कं केलं असतं आणि गप्प बसला असता. मामानं छप्पर पक्कं केलं, आणि त्याच दुपारी चार वाजता तालमी सुरू केल्या.

तो पत्रा त्यानं हलवला तेव्हा शिवाजी विद्यापीठात पेपर तपासणाऱ्या लोकांनी खिडक्या लावल्या, असं म्हणतात. मग पंखा. मग नळीचा पाऊस. कोंबड्या पहिल्या दिवशी शेवग्यावर चढल्या, तिथनं कौलांवर, तिथनं माझ्या खोलीत. पण मामानं खुराड्यात ओंजळभर ज्वारी टाकली होती. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं. आठव्या दिवशी पत्र्यावर बोट ठेवलं तरी बाराच्या बारा ओळीनं खुराड्यात. पंखा सुरू होईतोवर त्या आत जाऊन ज्वारी टिपत असायच्या. पंधराव्या दिवशी तर साडेतीनपासूनच पत्र्याखाली येऊन बसायला लागल्या, नाटकाच्या तिकिटाला लवकर गेल्यासारख्या.

शेजारी गळक्या डबे-बादल्यांना डाग देणारे हबीबभाई राहायचे, आणि दुसऱ्या बाजूला पाटलीणबाई. त्यांच्याही कोंबड्या होत्या. त्या मधल्या दगडी गडग्यावर बसून रोज तालीम बघायच्या, आणि नंतर नंतर ज्वारीच्या वेळेला खालीही उतरायच्या. हबीबभाई म्हणाले, "केरबा, तुझा पाऊस चांगला हाय. आमची रोज वाटीभर ज्वारी वाचतीया." मामाला त्यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकू गेलं.

वळीव आला तो मामी परत यायच्या आदल्या दिवशी. इतके दिवस आभाळ नुसतं तोंड फुगवून बसायचं, आणि मामा रोज त्याला हिणवायचा, अरे ये की, आमची तयारी झालीया. तो आला, पण दुपारी दोनला, आणि पत्रा न वाजवता. एकही गडगडाट नाही. सरळ वारा. त्याच्यामागं धुळीचा लोट, त्याच्यामागं गारा.

म्हणून कोंबड्या जागच्या हलल्या नाहीत. महिनाभराच्या शिक्षणात त्यांना असं सांगितलेलं होतं की पत्रा वाजल्याशिवाय वादळ सुरू होत नाही. आता चाललंय ते काहीतरी दुसरं असणार. वाऱ्यानं त्यांची पिसं उलटी झाली, दोघीतिघी कोलमडून पुन्हा उभ्या राहिल्या, पण शिस्त मोडली नाही. मी ओसरीवरनं ओरडून मामाला म्हणालो, हाकला त्यांना. मामा मला म्हणाला की हाकलायच्या असत्या तर महिनाभर शिकवल्या कशाला? आणि मग त्यानं बोट वर करून आभाळाला ते सुनावलं, जे मी सुरुवातीला सांगितलं.

आभाळानं ऐकलं नाही. मग मामाला त्याचं खरं काम आठवलं. तो शेवग्याखाली धावला, पत्र्याला मिठी मारली आणि हलवायला लागला. माझ्या आयुष्यात मी तसा आवाज पुन्हा ऐकला नाही. खऱ्या वादळात एक माणूस खोटं वादळ करत होता, कारण खऱ्यावर कोंबड्यांचा विश्वास नव्हता. वरनं गारा पत्र्यावर पडत होत्या आणि त्याही मामाच्या हाताखाली काम करत असल्यासारख्या वाजत होत्या. पलीकडं पंखा आपोआप फिरायला लागला, तोही उलटा. तीस वर्षं त्यानं वारा केला होता, आता वाऱ्यानं त्याला फिरवला. तालीम संपली की मामा रोज जाळीवर परत पसरायचा, त्या मिरच्या उडाल्या. सगळ्या परड्यात एकदम मिरचीचा खाट पसरला आणि मामा, मी, कोंबड्या, सगळे एका सुरात शिंकलो.

"मास्तर, दाराशी थांबा!" मामा ओरडला. "बारा झाल्या की लावा दार!"

मी पातेलं डोक्यावर घालून खुराड्याच्या दाराशी बसलो. आणि त्या आल्या. पत्रा ऐकल्याबरोबर कोंबड्यांची शंका फिटली. गडग्यावरनं, शेवग्याखालनं, धुण्याच्या दगडामागनं, धुळीतनं, गारांतनं, ओल्या, चपट्या झालेल्या, मान पुढं काढून धावत आल्या. मी मोजत होतो. गणिताचा माणूस, मोजण्यात कधी चुकलो नाही. एक, दोन, पाच, नऊ, अकरा, बारा. दार लावलं, कडी घातली, त्यावर दगड ठेवला. बाहेर अजून काहीतरी फडफडत होतं खरं. पण मला सांगितलेलं होतं बारा. मी तो पालापाचोळा समजलो.

इतक्यात आभाळ पहिल्यांदा गडगडलं. मामा पत्रा सोडून खाली बसला, अंगावर गारांची टेंगळं, डोळ्यांत मिरची. वर बघून म्हणाला, उशिरा आला, पण आवाज चांगला हाय.

त्या दिवशी राजारामपुरीच्या चौकात झाडं पडली, तारा तुटल्या, एका दवाखान्याचा बोर्ड दुसऱ्या दवाखान्यावर जाऊन बसला आणि तिथं पेशंट वाढले. आमच्या खुराड्यात मात्र बारा कोंबड्या ज्वारी टिपत होत्या. मामानं ती बातमी रात्रीपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः पोचवली.

सकाळी दहाच्या गाडीनं मामी आली. मामानं दाढी केली होती, टोपी धुतली होती. पायरीवर त्यानं मामीला पाणी दिलं आणि कालचं सगळं सांगितलं, हातवाऱ्यांसकट, गारांच्या मापासकट. मग मला साक्षीला बोलावलं आणि खुराड्याचं दार उघडलं. कोंबड्या एकेक करून उन्हात आल्या, आणि मी मोठ्यानं मोजल्या. बारा भरल्या. मामानं मामीकडं असं बघितलं, जसं त्या दिग्दर्शकाकडंही कधी बघितलं नसेल.

मामीनं पिशवी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं.

"आकडा बरोबर हाय," ती म्हणाली. "ह्यातल्या पाच आपल्या हायत."

भिजलेली कोंबडी ही फक्त भिजलेली कोंबडी असते. रंग, वंश, मालक, काही उरत नाही. पण आता त्या वाळल्या होत्या, आणि मलासुद्धा दिसलं. त्यातल्या चार हबीबभाईंच्या होत्या आणि तीन पाटलीणबाईंच्या. त्यांनाही ज्वारीची सवय झाली होती, त्यांनीही पत्रा ऐकला होता. मामानं महिनाभर रोज त्यांना शिकवलं, पण त्याचं सगळं लक्ष वादळाकडं. एकीचंही तोंड त्यानं नीट बघितलेलं नव्हतं.

मामीच्या सात दाराबाहेर राहिल्या होत्या. पण त्या मेल्या नव्हत्या. हबीबभाईंनी आणि पाटलीणबाईंनी ओलं दिसेल ते उचलून आपापल्या डालग्याखाली झाकलं होतं, त्यामुळं त्यांचेही आकडे बरोबर होते. मग अदलाबदल सुरू झाली. दोन्ही काखांत दोन कोंबड्या घेऊन मामा घरोघरी हिंडत होता. पाटलीणबाई म्हणाल्या की त्यांच्या घरात कोंबड्या पुऱ्या आहेत, मग बदलायच्या कशाला? मामानं त्यांना आधी वादळ सांगितलं. ते ऐकून संपायच्या आत त्यांनी तिन्ही कोंबड्या देऊन टाकल्या.

हबीबभाईंकडून तीन मिळाल्या. संध्याकाळपर्यंत अकरा भरल्या. बारावीचा पत्ता लागेना. ती मामीची लाडकी, मानेवर तांबूस पट्टा असलेली, चालताना जरा एका अंगाला झुकणारी. मामी तिला कलेक्टरीण म्हणायची.

पुढच्या वर्षी मी शिरोळला नोकरीला लागलो. दोन हजारनंतर कधी तरी त्या गल्लीत गेलो तर मामाच्या घराच्या जागी फ्लॅट उभे होते, आणि तिथल्या वॉचमनला केरबा मिस्त्री हे नावही ठाऊक नव्हतं. त्यामुळं मला मामा आठवतो तो त्या संध्याकाळचाच. ऊन कलतं झालेलं, परड्यात मिरच्यांचा खच, आणि मामा पायरीवर गुडघ्यांत मान घालून. मामी शेजारी तांदूळ निवडत बसलेली. ती गेल्यावर आपण कुणाला वादळ सांगणार, हाच विचार त्याच्या डोक्यात होता, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

मी उभा होतो तिथनं हबीबभाईंचा गडगा समोर दिसत होता. गडग्यापलीकडं त्यांच्या अंगणात, त्यांच्या कोंबड्यांत, एक तांबूस पट्ट्याची कोंबडी एका अंगाला झुकत झुकत दाणे टिपत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामीनं मान वर केली. तिनं कोंबडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तोंड मिटलं. तिनं पुन्हा तांदळात हात घातला.

मामानं मान न उचलताच विचारलं, "अकराच भरल्या. मग... उद्याच्या गाडीनं जाणार व्हय गारगोटीला?"

मामीनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"बारावी घावल्याबिगर कशी जाऊ?"